खुडूक कोंबडीचे काम

अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस लागतात, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. कोंबडी खुडूक झाली, पिसे फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली, हात जवळ नेला तर चोच मारू लागली, की घरातली बाई टोपलीत राख किंवा भुसा घालते, त्यावर दहा-बारा अंडी मांडते आणि अंधार पडला की कोंबडी उचलून वर ठेवते. काही घरांत टोपलीत लोखंडाचा एखादा तुकडाही टाकतात, विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून. पुढचे सगळे कोंबडी बघते. ती दिवसातून एकदा उठते, दाणापाणी उरकते, घाण टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. तापमान किती, आर्द्रता किती, अंडी कितीदा फिरवायची, हे तिला कोणी विचारत नाही. तिने सांगितलेही नसते.

मग घरात इन्क्युबेटर कशाला? पहिले कारण हिशेबाचे आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, तीही तीन-चार टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यानंतर ती खुडूक होते, तीन आठवडे उबवते, मग पिल्ले घेऊन दोन महिने उकिरडा धुंडाळत फिरते. तेवढा काळ अंडे नाही. म्हणून खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळण्याचा उपाय गावोगाव चालत आला आहे. त्याने तिची खोड मोडते आणि ती पुन्हा अंड्यावर येते. अंडी यंत्रात गेली तर कोंबडी आपले काम करायला मोकळी राहते. दुसरे कारण असे, की पुष्कळ कोंबड्या आता खुडूकच होत नाहीत. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून अधिक अंडी देणाऱ्या माद्या पिढ्यानपिढ्या निवडल्या गेल्या आणि त्या निवडीत बसण्याची ओढ गळून पडली. घराजवळ ठेवण्यासाठी तयार केलेली हैदराबादची वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराजा यांच्या भरवशावरही अंडी ठेवता येत नाहीत. तिसरे कारण हौस. ते कमी समजू नये. या पुस्तिकेचे निम्मे वाचक त्याच वाटेने येणार आहेत.

यंत्राची कल्पना मात्र नवी नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत, आणि तिथले कसबी लोक अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखत. थर्मामीटर नव्हता, पापणी होती. ते तंत्र युरोपात रुजवावे म्हणून फ्रान्सच्या रेओम्यूरने १७४९ मध्ये एक ग्रंथच लिहिला. पण यंत्र खऱ्या अर्थाने घरात आणण्याजोगे झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, उष्णता आपोआप कमी-जास्त करणारी युक्ती सापडल्यावर. आज तीच युक्ती काही शे रुपयांच्या हिरव्या पट्टीवर मिळते. डब्ल्यू-१२०९ हा कंट्रोलर, थर्माकोलचे खोके, ४० वॉटचा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि पाण्याची वाटी एवढ्यावर यंत्र उभे राहते. तयार यंत्र घेतले तर अंडी फिरवण्याची मोटरही मिळते. दोन्हींत पिल्ले निघतात, आणि दोन्हींत निघत नाहीत.

का निघत नाहीत, हाच या पुस्तिकेचा विषय आहे. यंत्राच्या खोक्यावर तीन आकडे छापलेले असतात: ३७.५ अंश तापमान, पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. आकडे चुकीचे नाहीत. पण ते कुणाच्या तरी वीस अंशांच्या बंद खोलीत बसून लिहिलेले आहेत. तिथे यंत्राला एकच झगडा असतो, ऊब टिकवण्याचा. आपल्याकडे वैशाखात यंत्राचा झगडा नेमका उलटा असतो. नवख्या माणसाने यंत्राच्या पडद्याइतकेच आपल्या खोलीकडे आणि आपल्या अंड्यांकडे बघायला शिकावे, एवढेच मला सांगायचे आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याचाच विस्तार आहेत.

सुरुवात अंड्यापासून. खेप बिघडते ती बऱ्याचदा यंत्राचे बटण दाबण्याआधीच. दुकानातले पांढरे अंडे कितीही उबवले तरी त्यातून काही निघत नाही, कारण पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो. हा प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी तो दर वेळी कोणीतरी विचारतोच. ज्या कळपातून अंडी घेणार तिथे दहा-बारा माद्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. अंडी फळलेली आहेत का, हे स्वयंपाकघरातच कळते: त्याच कळपातले एक अंडे बशीत फोडावे. पिवळ्या बलकावर पांढरा ठिपका प्रत्येक अंड्यात असतो. फळलेल्या अंड्यात तो ठिपका रुंद असतो आणि त्याला गोल कडी दिसते. नसलेल्यात तो लहान, घट्ट, वेडावाकडा असतो. बघून झाल्यावर ऑम्लेट करावे.

मग साठवण. कोंबडी रोज एक किंवा दिवसाआड एक अंडे घालते, पण ती बसते सगळी अंडी झाल्यावर. तोवर पहिले अंडे आठ-दहा दिवस नुसते पडून असते आणि तरी पिल्ले सगळी एकाच दिवशी निघतात. साधारण वीस-एकवीस अंशांच्या खाली गर्भ झोपलेला राहतो, म्हणून हे जमते. पण एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या घरात रात्रीही तीस अंश असतात. तिथे टोपलीत ठेवलेल्या अंड्यातला गर्भ पुरता झोपत नाही आणि पुरता जागाही होत नाही. अर्धवट वाढतो आणि मरतो. माणूस म्हणतो अंडी वांझ होती. ती वांझ नसतात, ती साठवणीत मेलेली असतात. म्हणून सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात हा नेहमीचा नियम उन्हाळ्यात विसरावा आणि तीन-चार दिवसांच्या आतली अंडीच घ्यावीत. माठाच्या ओल्या वाळूशेजारची जागा यासाठी चांगली. फ्रिजचा आतला कप्पा फार थंड. निमुळते टोक खाली. धुवायची नाहीत, कारण कवचावर एक नैसर्गिक लेप असतो. तो गेला की हजारो बारीक छिद्रांतून जंतूंना रस्ता मोकळा होतो. घाण लागलेले अंडे सरळ खाण्यासाठी बाजूला काढावे.

इथे थोडे विषयांतर. कडकनाथला २०१८ मध्ये झाबुआचे भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच सुमारास आपल्याकडे काळ्या कोंबडीची लाट आली. पश्चिम महाराष्ट्रात त्या नावावर अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले आहे. तेव्हापासून महागड्या जातीची अंडी कुरिअरने मागवून पहिलीच खेप लावणारे लोक दिसतात. तसे करू नये. प्रवासात हिसके बसून आतली हवेची पोकळी जागची हलते आणि अशा अंड्यांतून निम्मी निघाली तरी पुष्कळ झाले म्हणतात. पहिल्या खेपेला शेजारच्या आळीतली गावरान अंडी घ्यावीत. ती बिघडली तर दुःख कमी होते आणि कारणही शोधता येते.

तापमानाबद्दल पुढे एक अख्खे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५, पंखा नसेल तर वर-खाली फरक पडतो, म्हणून अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर ३८.५ च्या आसपास. स्वस्त पडद्यावरचा आकडा एका अंशाने चुकीचा असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि तो एक अंश फार महागात पडतो: वर गेला तर पिल्ले विसाव्या दिवशीच घाईने निघतात, बेंबी न मिटलेली, खाली राहिला तर बाविसावा-तेविसावा उजाडतो आणि निघालेले पिल्लू उभे राहत नाही. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. भांड्यात कोमट पाणी घेऊन तो आणि यंत्राचा सेन्सर दोन्ही एकत्र बुडवावेत आणि फरक लिहून ठेवावा. लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे, गर्भ थंडी बऱ्यापैकी सोसतो. उकाडा सोसत नाही. तासभर ३२ अंशांवर गेलेली अंडी बहुधा वाचतात. तेवढाच वेळ ४१ वर राहिली तर बहुधा नाही. आणि खोलीच ४२ अंशांवर असेल तर कंट्रोलर फार तर बल्ब बंद करील, खोली थंड करणार नाही. त्या दिवसांत यंत्र घरातल्या सर्वांत आतल्या, मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवावे, नाहीतर सरळ पावसाची वाट बघावी.

आता आर्द्रता, सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यात आहे. अंड्यात पिल्लासाठी हवा कुठून येते? बोथट टोकाशी एक पोकळी असते. अंड्यातले पाणी कवचातून रोज थोडे थोडे उडून जाते, तसतशी ती पोकळी मोठी होते, आणि शेवटी पिल्लू आपला पहिला श्वास त्याच पोकळीत घेते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच गुदमरते. जास्त उडाले तर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले असावे, हे खरे माप. आर्द्रतेचा आकडा हा तिथवर पोचण्याचा रस्ता आहे.

आणि रस्ता प्रत्येक गावाचा वेगळा. जुलैत कोकणातल्या घरात हवा २७ अंश आणि ९० टक्के ओलसर असते. तीच हवा यंत्रात ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वाटीत थेंबभर पाणी न घालताही मालवणच्या यंत्राचा आकडा बरोबर जुळतो. तिथे पुस्तकाप्रमाणे वाटी भरली की पिल्ले अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कवचातच बुडतात. उलट जानेवारीत पुण्यात खोली २० अंश आणि ५० टक्के असेल तर यंत्रात तापल्यावर हाती जेमतेम १८ टक्के उरतात. एप्रिलमधल्या नागपुरातही साधारण तेवढेच. तिथे एक वाटी पुरत नाही, पसरट ताटली लागते. पाण्याची खोली निरुपयोगी आहे, कामाला येते ती पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी. हे न कळल्यामुळे लोक उंच पेला ठेवतात आणि आकडा का चढत नाही म्हणून यंत्राला शिव्या देतात.

म्हणून माझा आग्रह स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आहे. समजा दहा गावरान अंडी मांडली, मिळून ४५० ग्रॅम. नवव्या दिवशी ती ४२३ च्या आसपास भरायला हवीत आणि अठराव्या दिवशी ३९५ च्या. कमी घटली असतील तर पाणी काढा, जास्त घटली असतील तर पाणी वाढवा. आर्द्रतामापक खोटे बोलू शकतो. काटा सहसा बोलत नाही. (मापकाची परीक्षाही सोपी आहे: झाकणभर मिठात पाण्याचे चार थेंब टाकून लगदा करावा, मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ७५ दिसले पाहिजे.)

अंडी फिरवण्याचे फारसे कौतुक नको. गर्भ वर तरंगत येतो आणि एकाच बाजूला पडून राहिला तर आतल्या पडद्याला चिकटतो, म्हणून फिरवायचे. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, दिवसातून तीन किंवा पाच वेळा. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा लांब पल्ला रोज त्याच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवशी थांबायचे.

सातव्या रात्री मात्र घरातल्या सगळ्यांना बोलवावे. दिवे मालवावेत. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून मागे मोबाईलचा टॉर्च लावावा आणि अंड्याचे बोथट टोक त्या भोकावर टेकवावे. कवच आतून नारिंगी उजळते. वर हवेच्या पोकळीची स्वच्छ रेघ, आणि खाली, जरा बाजूला, एका काळ्या ठिपक्यापासून चारी बाजूंनी फुटलेल्या लाल शिरा. अंडे स्थिर धरले तर तो ठिपका डुलताना दिसतो. तो डोळा असतो. गावरान अंड्याचे कवच फिकट तपकिरी असले तर हे सहज दिसते, गडद असले तर डोळ्यांना जरा सराव लागतो. काही अंडी आरपार मोकळी दिसतील, ती वांझ. काहींत शिरा नसतील, फक्त रक्ताची एक बारीक कडी असेल. तिथे वाढ सुरू होऊन थांबली. ती दोन्ही काढून टाकावीत, नाहीतर सडलेले अंडे यंत्रात फुटते आणि तो वास पडदे धुतले तरी जात नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हेच बघायला रोज एक अंडे फोडले होते आणि तिसऱ्या दिवशी रक्ताचा थेंब उड्या मारताना पाहिल्याची नोंद केली होती. आपल्याला फोडावे लागत नाही.

वीज जाण्याची भीती लोक फार घेतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन तास गेली तर पिल्ले थोडी उशिरा निघतील, इतकेच. खोक्यावर गोधडी टाकावी, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवाव्यात. दुसऱ्या पंधरवड्यात गोष्ट वेगळी: आता गर्भ स्वतः ऊब आणि श्वास सोडत असतो. पंखा बंद असताना गोधडीने भोके बुजवली तर तो थंडीने नव्हे, कोंडून मरतो.

आता शेवटचे तीन दिवस. अठराव्या दिवशी फिरवणे बंद, पाणी वाढवायचे, खाली खरबरीत कापड अंथरायचे आणि झाकण लावून द्यायचे. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू हवेच्या पोकळीचा पडदा फोडते. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीच्या टोकावरच्या छोट्या दाताने ते कवचाला पहिली टोच मारते. बाहेरून तिळाएवढी चीर दिसते, कवचाचा एक पापुद्रा उचललेला. आणि त्यानंतर काहीच होत नाही. सहा तास, बारा तास, कधी पुरता दिवस. नेमक्या याच वेळात माणसाचा हात शिवशिवतो. पोरे म्हणतात, ते अडकलंय. आजी म्हणते, जरा सोडव की. सोडवू नये. बाहेर काही होत नसते तेव्हा आत सगळ्यात मोठे काम चालू असते: पडद्यातल्या शिरांमधले रक्त पिल्लाच्या अंगात ओढले जात असते आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात जात असतो. त्या वेळी कवच सोलले तर रक्त वाहते आणि पिल्लू जाते. झाकण उघडले तरी ओल निसटते आणि टोच मारलेल्या अंड्यातला पडदा मिनिटांत कागदासारखा ताठ होतो. आधी निघालेल्या एका पिल्लाला बाहेर काढण्याच्या घाईत मागची चार कवचातच राहतात. निघालेल्या पिल्लाला घाई नसते. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढते. ओले, केविलवाणे, पडत-धडपडत इतर अंड्यांना लाथा मारत ते तिथेच सुकते, आणि सुकले की पिवळ्या-तपकिरी कापसाचा गोळा होऊन बसते.

नंतरचे आठ दिवस खरे कसोटीचे. पहिला आठवडा ३२ ते ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, गोणपाट बरे. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी, प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून, आणि मक्याचा बारीक भरडा. पहिल्या आठवड्यातच लासोटाची लस, नाहीतर मानमोडी आली की खेपच्या खेप जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवावे, कारण लशीची कुपी शंभर-शंभर मात्रांची येते आणि दहा पिल्लांसाठी ती फोडायला कोणी राजी नसतो. आळीतल्या दोन-चार घरांनी एकत्र खेप लावली तर हा प्रश्न सुटतो.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. निघालेल्यांत निम्मे कोंबडे असणार, आणि गावरान पिल्लांत पहिले काही आठवडे तलंग कोणती आणि कोंबडा कोणता हे बहुतेकांना ओळखता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते सगळे पहाटे चारला एकदम आरवू लागतात. अंगण असेल तर ठीक. सोसायटीच्या गच्चीत असाल तर त्यांचे काय करायचे हे अंडी मांडण्याआधी ठरवा, आणि नावे ठेवण्याआधी तर नक्कीच.

पुस्तिकेतील प्रकरणे २१ दिवसांच्या क्रमाने लावली आहेत. शेवटी न फुटलेली अंडी फोडून कारण कसे वाचायचे याचे एक प्रकरण आहे. ते किळसवाणे आहे, पण दुसरी खेप सुधारते ती त्यानेच. बदक, लावा आणि टर्की यांना फक्त दोन पाने दिली आहेत, कारण दिवस वेगळे असले तरी चुका त्याच. पहिली खेप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावावी, कोकणात पाऊस ओसरल्यावर कधीही. अंडी आणण्याआधी यंत्र दोन दिवस रिकामे चालवावे आणि तेवढ्यात तिसरे प्रकरण वाचून घ्यावे. बाकीची वाचायला तीन आठवडे मिळतील.